आधी मोठ्यांना

खाडीच्या काठावर आंबेखार नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात रुबेन नावाचा एक तेली राहायचा. भोळेपणात त्याचा हात धरणारा अख्ख्या आगरात कोणी नव्हता. लोक त्याला रुबू म्हणत. घरात तो, त्याची विधवा आई मिल्काबाई आणि घाण्याचा बैल. तिघांत शहाणं कोण, असं कोणी विचारलंच तर गावकरी आधी मिल्काबाईचं नाव घेत, मग बैलाचं, आणि मग विषय बदलत.

ही माणसं बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून सगळा मुलूख त्यांना शनिवार तेली म्हणायचा.

रुबू वेडा नव्हता बरं का. तेल काढावं तर त्यानेच. फक्त त्याला जेवढं सांगाल तेवढंच तो करी, आणि एकदा शिकवलेलं जन्मात विसरत नसे. खरी अडचण हीच होती. एकदा मिल्काबाई त्याला म्हणाली, "मी बाजारात जाऊन येते, बैलाकडे लक्ष ठेव." रुबू दिवसभर बैलाकडे बघत बसला. मागच्या दाराने कोणीतरी पेंडीची दोन पोती उचलून नेली. मिल्काबाईने कपाळाला हात लावला. रुबू म्हणाला, "आई, पण बैल बघ ना. जसाच्या तसा आहे."

खाडीच्या पलीकडे नवखार. तिथे हस्केलजी सुतार राहायचा. हाताचा कसबी, आवाजाचा मोठा आणि रागाचा त्याहून मोठा. बायको वारून दहा वर्षं झाली होती. घरात एकटी मुलगी, सिपोरा. रुबू तिच्या दारी तेल घालायला जाई. त्याच्या मापात कधी बोट बुडलेलं नसायचं, उलट पळीच्या टोकाशी राहिलेला थेंबही तो झटकून तिच्या भांड्यात टाकायचा. सिपोराने तीन वर्षं ते पाहिलं आणि बापाला सांगितलं, "लग्न करीन तर या तेल्याशी."

"तो तर खुळा आहे!" हस्केलजी गरजला.

"तुमच्यासारखा शहाणा घरात एक आहे ना. पुरे झाला."

आणि रुबूचं म्हणाल तर सिपोरा दारात आली की त्याला पळी कुठल्या हातात आहे तेच कळेनासं व्हायचं. ती आपल्याला मिळाली नाही तर आपण बैलाला सोडून देऊ आणि स्वतःच घाण्याभोवती फिरत राहू, असं त्याने आईला एकदा सांगितलं होतं. रुबू बोलला म्हणजे करणार. म्हणून मिल्काबाई घाबरली आणि तिने सोयरिकीचं बोलणं लावलं. हस्केलजी हो म्हणाला, पण हो म्हणताना त्याने हातातली पटाशी खाली ठेवली नाही.

आता सासरी जायचं तर नाती कळायला हवीत. म्हणून मिल्काबाईने रुबूला लेबेल मास्तरकडे नेलं. हा मास्तर दूर पोलंडच्या बाजूचा. आगबोटीतून मुंबईला उतरला, तिथून आमच्याकडे आला आणि राहिलाच. पोरांना हिब्रू शिकवायचा, सिनेगॉगात प्रार्थना सांगायचा, लग्नं लावायचा. मराठी तो पोरांकडूनच शिकला होता, त्यामुळे ती तशीच बोलायचा.

"ऐक रुबू," मास्तर म्हणाला. "नवरदेव म्हणजे खातान. जावईपण खातान. नवरी म्हणजे कल्ला. सूनपण कल्ला. सासरा म्हणजे खोतेन. आणि मुलाचा आई आणि मुलीचा बाप एकमेकांचा कोण? इंग्रजाला विचारला, त्याच्याकडे शब्दच नाही! माझ्या घरच्या यिद्दिश बोलीत आहे, मखुतेन. आणि तुमच्याकडे आहे, व्याही! तुमचा भाषा मोठा शहाणा."

"नवरदेव आणि जावई एकच शब्द?" मिल्काबाईने विचारलं. "मग घोटाळा नाय होत?"

"चार हजार वर्षं नाही झाला," मास्तर म्हणाला.

तोवर रुबूच्या हातून एकही लग्न गेलं नव्हतं.

पहिल्यांदा सासरी निघताना मिल्काबाईने रुबूच्या हातात खोबरेलाचा डबा दिला आणि होडीत बसेपर्यंत बजावलं, "हे बघ, सासरा म्हणजे दुसरा बाप. हस्केलजींना अगदी बापासारखं वागव. तुझ्या बाबाला वागवायचास ना, तस्सं."

"तस्सं?"

"तस्सं."

रुबू खाडीभर ते घोकत गेला.

आता रुबूचा बाप शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होता. रुबूने त्याचं सगळं केलं होतं. म्हणजे बापाला कसं वागवायचं हे रुबूला इतर कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. तो नवखारला पोचला. हस्केलजी नवा कोट आणि नवी टोपी घालून ओटीवर पाहुण्याची वाट बघत बसला होता. रुबूने डबा उघडला, हस्केलजीची टोपी काढून बाजूला ठेवली, आणि पावशेर खोबरेल त्याच्या डोक्यावर ओतलं.

"अरे! अरे, काय करतोस?"

"डोळे मिटा," रुबू मायेने म्हणाला आणि चोळायला लागला.

घाण्यावरचे हात ते. हस्केलजी उठू लागला की रुबू त्याला खांद्याला धरून खाली बसवी. "उठायचं नाय. तोल जातो तुमचा." मग त्याने सिपोराकडून पेज मागून घेतली, हस्केलजीची मान हाताच्या खोबणीत घेतली आणि भरवायला लागला. हस्केलजी ओरडायला तोंड उघडी आणि चमचा आत जाई. शेवटी रुबूने त्याला पाठुंगळी मारलं आणि परसदारी नेऊन उन्हात ठेवलं. बापाला दुपारचं ऊन हवं असायचं.

हस्केलजीने परसातून जी आरडाओरड केली ती आंबेखारपर्यंत ऐकू आली. कोट गेला, टोपी गेली. सोयरीक मोडली, असं तो तीनदा म्हणाला.

सिपोराने मात्र रुबूला विचारलं, "तुम्ही असं का केलंत?"

"मी बाबाला असंच करायचो," रुबू म्हणाला. "त्याला आवडायचं."

सिपोरा घरात गेली आणि पदराने डोळे पुसून बाहेर आली. "बाबा, सोयरीक मोडायची नाही," ती म्हणाली. "असा दुसरा सापडणार नाही."

"सापडूही नये!" हस्केलजी म्हणाला.

मिल्काबाई दुसऱ्या दिवशी तांदळाच्या भाकऱ्या आणि नारळाच्या दुधातली कोंबडी घेऊन माफी मागायला होडीत बसली. तासाभराने परत आली. "जेवले," ती म्हणाली. "राग आहे, पण जेवले." मग तिने रुबूला समोर बसवलं. "अरे बाबा, सासऱ्याच्या अंगचटीला जायचं नसतं. जावयाने लांब बसावं, मान खाली घालावी, आणि कोणी विचारल्याशिवाय तोंड उघडू नये. कळलं?"

"कळलं."

दुसऱ्या वेळी रुबू गेला तो अंगणात लांब बसला. मान खाली. तोंड बंद. हस्केलजी ओटीवरून बघत होता. त्याला वाटलं, सुधारला वाटतं. तो समाधानाने आत गेला.

अंगणात दोरीवर सिपोराची लग्नाची पांढरी साडी वाळत घातली होती. मुंबईहून आणलेली, रेशमाची. रुबूची मान खाली होती, म्हणून त्याला साडीचा फक्त काठ दिसत होता. थोड्या वेळाने त्याला चार पाय दिसले. शेळीचे होते. मग साडीचा काठ वर वर जायला लागला. हाताएवढा वर गेला, मग दोन हात वर गेला. रुबूला घाम फुटला. त्याच्या सिपोराची साडी ती! पण कोणी विचारलं नव्हतं. 'विचारा,' तो मनातल्या मनात म्हणत राहिला, 'देवा, कोणीतरी मला काहीतरी विचारा.'

शेवटी सिपोरा बाहेर आली. दोरीवर टीचभर कापड आणि खाली शेळी, समाधानी.

"अगं बाई! माझी साडी कुठे गेली?"

"शेळीने खाल्ली," रुबू एका दमात म्हणाला. "काठापासून सुरुवात केली. पदर आत्ताच संपवला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू आत्ता विचारलंस."

हस्केलजी रंधा घेऊन धावत आला. सिपोरा दोघांच्या मध्ये उभी राहिली, नाहीतर त्या दिवशी रुबूच्या पाठीची फळी गुळगुळीत झाली असती. "घरचा माणूस ना तू?" हस्केलजी ओरडला. "कोणी काही खाताना दिसलं तर ओरडायचं! हाड् म्हणायचं! जबडा धरून तोंडातून बाहेर काढायचं!"

रुबूने मान हलवली. सासऱ्याने स्वतः शिकवलं म्हणजे ते पक्कं.

मिल्काबाई पुन्हा माफी मागायला गेली. बरोबर तिने आपल्या लग्नातली पांढरी साडी नेली, सिपोराला द्यायला. या खेपेस ती दिवे लागायच्या वेळेला परत आली. "एवढा वेळ?" रुबूने विचारलं. "व्याहीबुवांना राग फार होता," ती म्हणाली. "उतरायला वेळ लागला." पण तिच्या हातात एक नवी कोरी लाकडी पळी होती आणि पळीच्या दांड्यावर वेलबुट्टी कोरलेली होती. राग आलेला माणूस इतकं बारीक काम करत नाही.

मग लग्नाआधीचा मलिदा आला. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची आणि वर फळं. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने ताट भरायचं, प्रार्थना म्हणायची आणि मग सगळ्यांनी खायचं. हस्केलजीच्या घरी दोन्ही गावांतली माणसं जमली होती. लेबेल मास्तरने प्रार्थना संपवली, आमेन म्हणाला आणि मानाने पहिली मूठ तोंडात घातली.

"हाड्!" रुबू ओरडला.

मास्तर दचकला. तोवर रुबू पोचलासुद्धा. एका हाताने त्याने मास्तरचा जबडा धरला, दाढीसकट, आणि दुसऱ्या हाताने आतला मलिदा बाहेर काढला. "हाड्! हाड्! घरचं खातोस काय?" मास्तर डोळे फिरवत होता. सगळी माणसं दगड झाली होती. रुबूने ओला मलिदा तळहातावर धरला आणि अभिमानाने हस्केलजीकडे पाहिलं. "या खेपेला लगेच काढला, मामा. फार नाय गेला पोटात."

सगळे गेल्यावर हस्केलजीने रुबूला दारापर्यंत नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, "रुबू, मुलीसाठी मी आतापर्यंत गिळलं. आता लग्न मंगळवारी. मंगळवारी मांडवात तू एक, फक्त एक चूक केलीस, तर मी सिपोराला हाताला धरून घरी नेईन. पुन्हा या खाडीत तुझी होडी दिसता कामा नये."

रुबू रडला. होडीत बसून मोठ्याने रडला. त्याने तर प्रत्येक वेळी सांगितलेलंच केलं होतं. मग हे लोक सांगतात कशाला?

मिल्काबाई तिसऱ्यांदा माफी मागायला गेली. त्या खेपेला तिची भरतीच चुकली. तिला नवखारला शेजारणीकडे राहावं लागलं आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. खाडीच्या काठी जन्म गेलेल्या बाईची भरती कशी चुकते, हा प्रश्न आंबेखारात रुबू सोडून सगळ्यांना पडला.

सोमवारी तिने रुबूला शेवटचं शिकवलं. "रुबू, उद्या एकच गोष्ट लक्षात ठेव. आधी मोठ्यांना. मोठ्यांचं झाल्याशिवाय आपण कशाला हात लावायचा नाय."

"पाण्याला?"

"पाण्याला, पानाला, खाण्याला. काही का असेना."

"काही का असेना?"

"काही का असेना," मिल्काबाई म्हणाली, आणि तिथे ती फसली.

मंगळवार उजाडला. सिनेगॉगाच्या अंगणात हस्केलजीने स्वतः तासलेल्या चार खांबांवर पांढरं कापड ताणलं होतं. कापडाखाली मास्तर, त्याच्या एका बाजूला साक्षीदार म्हणून उभे केलेले दोन म्हातारे तेली, ज्यांचं वरवधूशी काही नातं नव्हतं. दुसऱ्या बाजूला हस्केलजी आणि मिल्काबाई. पायाशी खोबरेलाचा भरलेला डबा, आहेर म्हणून रुबूने खास काढलेला. आणि मधोमध सिपोरा, मिल्काबाईच्या जुन्या पांढऱ्या साडीत. रुबूने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला वाटलं, आपण आज श्वाससुद्धा विचारून घ्यावा.

मास्तरने मनुकांच्या सरबताचा पेला रुबूच्या हातात दिला. "घोट घे. मग नवरीला दे."

रुबूने पेला हस्केलजीपुढे धरला. "आधी मोठ्यांना."

हस्केलजीच्या कपाळाची शीर उडाली, पण मांडवातली मंडळी म्हणाली, "वा! संस्कार बघा!" म्हणून तो मुकाट्याने प्याला. रुबूने पेला आईला दिला. मग मास्तरला. मग दोन्ही साक्षीदारांना. साक्षीदार म्हातारे होते, पण तहानलेले होते. पेला रिकामा झाला. तो पुन्हा भरला आणि कसाबसा सिपोरापर्यंत पोचला. मिल्काबाईने सुटकेचा निश्वास टाकला.

"आता अंगठी," मास्तर म्हणाला. "हे लग्नाचा मुख्य गोष्ट आहे. नवरीच्या पहिल्या बोटात घाल आणि मी सांगतो ते वाक्य म्हण. दोन साक्षीदार ऐकतात. झाला लग्न. मग देवसुद्धा सोडवत नाही."

रुबूने अंगठी काढली. सिपोराने बोट पुढे केलं. रुबूचा हात पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"नाय," तो म्हणाला. "आधी मोठ्यांचं."

"काय मोठ्यांचं?" हस्केलजी दात खाऊन म्हणाला.

"लग्न."

"गाढवा, माझं झालंय लग्न! पंचवीस वर्षांमागे झालंय!"

"पण मामी तर वारल्या," रुबू म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण आपण चुकतोय की काय हे त्याला कळत नव्हतं. "आईचंपण झालं होतं, पण बाबा गेला. म्हणजे तुम्ही दोघं मोठे, आणि दोघांनाही कोणी नाय. मी लहान. तुम्ही दोघं तसेच उभे राहणार, आणि मी आधी कसं करून घेऊ? काही का असेना, आधी मोठ्यांना. आईनेच सांगितलंय."

"रुबू, अरे, असं नाय रे," म्हणत मिल्काबाई पुढे झाली आणि त्याचा दंड ओढायला लागली. हस्केलजीचा चेहरा विटकरीसारखा झाला होता. सिपोराला हाताला धरून घरी नेण्याची वेळ हीच होती. पण त्याने सिपोराकडे पाहिलं. ती रुबूकडे अशी बघत होती की तिला इथून न्यायला दोन बैल लागले असते.

"तुला करता येत नाही, होय ना?" हस्केलजी ओरडला. "वाक्य येत नाही म्हणून सोंगं करतोस! आण इकडे ती अंगठी!"

"घ्या," रुबू आनंदाने म्हणाला. "तुम्हालाच दिली."

"नीट बघ! असं बोट धरायचं!" समोर आला तो हात हस्केलजीने धरला. "अशी अंगठी घालायची! आणि असं म्हणायचं, हरे आत मेकुदेशेत ली बेतबाअत झो, केदत मोशे वेयिस्राएल! मोशेच्या आणि इस्राएलच्या धर्माप्रमाणे या अंगठीने तू माझी झालीस! एवढंच! यात काय अवघड आहे?"

आणि मग त्याने पाहिलं की आपण धरलेला हात मिल्काबाईचा आहे.

लेबेल मास्तरने दाढी धरली. "अंगठी," तो बोटं मोजत म्हणाला. "वाक्य. बरोबर म्हटला, एक अक्षर नाही चुकला." मग साक्षीदारांकडे वळला. "ऐकला?"

"ऐकला," दोघे म्हणाले. "पाहिलापण."

"रुबू, अंगठी त्यांना दिली की नुसता दाखवायला दिली?"

"दिली," रुबू म्हणाला. "दिलेलं परत मागू नये असं आईने मागेच शिकवलंय."

मास्तरने मोठा श्वास घेतला. "हस्केलजी, आता एकच प्रश्न. तुम्ही शिकवत होता, की म्हणत होता? शिकवत होता तर काही झाला नाही. अंगठी परत घ्या."

हस्केलजी घसा खाकरून म्हणाला, "सुरुवातीला शिकवत होतो."

"आणि शेवटी?"

हस्केलजी मांडवाच्या खांबाकडे बघायला लागला, जणू तो दुसऱ्याच कोणी तासला होता.

"मिल्काबाई," मास्तर म्हणाला, "तुम्हाला नको असला तर अंगठी काढून द्या."

मिल्काबाईने मान खाली घातली आणि अंगठी फिरवली. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. "निघत नाय," ती म्हणाली.

तिच्या पायाशी पाच शेर खोबरेल होतं. जन्म तेलात गेलेली बाई. नुसतं बोट बुडवलं असतं तर अंगठी आपण होऊन बाहेर पडली असती. सगळा मांडव त्या डब्याकडे बघत होता. मिल्काबाईने मात्र पायाने डबा हळूच जरा मागे सारला.

"झाला तर मग," मास्तर म्हणाला. "कागद संध्याकाळी लिहू. मझल तोव! शुभ होवो!"

एकच गलका झाला. हस्केलजीने कपाळ पुसलं आणि तो वळून म्हणाला, "बरं का, विहीणब..." आणि थांबला. पुढे काय म्हणायचं ते त्याला येईना. दहा देश फिरलेल्या मास्तरलाही येईना.

"मास्तर," रुबूने विचारलं, "मग आता सिपोरा माझी बहीण झाली का?" आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. एवढं सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, आणि सिपोरा गेली!

"नाही, नाही! तिचा रक्त वेगळा, तुझा वेगळा. धर्मात चालतो. पण तुझा अंगठी गेला. आता लग्न कशाने लावतोस?"

अंगठी मिल्काबाईच्या बोटात होती आणि तिथून ती निघत नाही हे आत्ताच सगळ्यांसमोर ठरलं होतं. रुबू रिकाम्या हातांकडे बघत उभा राहिला.

तेव्हा सिपोरा पहिल्यांदा बोलली. "मास्तर, अंगठीच लागते का?"

"नाही. एका पैशाच्या वर किमतीचा, नवऱ्याचा स्वतःचा वस्तू. काहीपण चालतो."

"मग तो डबा चालेल. त्यात यांच्या घाण्याचं, यांच्या हातचं तेल आहे. माझं लग्न त्या डब्यावर लावा."

मास्तरने रुबूला जवळ घेतलं आणि सावकाश सांगितलं, "डबा उचल. वाक्य म्हण. डबा तिला दे. तीन गोष्टी. चौथा काही करू नको. साक्षीदार, नीट बघा."

रुबूने डबा उचलला. सिपोरासमोर उभा राहिला. अंगठीच्या जागी डब्याचं नाव घेऊन त्याने ते अख्खं वाक्य म्हटलं, संथ, स्पष्ट, एकही अक्षर न चुकता. आत्ताच त्याने सासऱ्याकडून ते ऐकलं होतं ना, आणि एकदा शिकवलेलं तो विसरत नसे. हस्केलजीचेसुद्धा डोळे भरून आले. सिपोराने दोन्ही हात पुढे केले.

रुबू थांबला.

"आधी..." तो म्हणाला.

"रुबू, नको!" मिल्काबाई किंचाळली.

पण रुबू वळला होता. समोर हस्केलजी उभा होता. सर्वांत मोठा, आणि आता बापासारखाही नव्हे, बापच. बापाला कसं वागवायचं हे रुबूला इतर कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्याने एका हाताने हस्केलजीची टोपी काढली, त्याला खांद्याला धरून मागे नवरीसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसवलं आणि पाचही शेर खोबरेल त्याच्या डोक्यावर ओतलं. तेल दाढीतून कोटावर, कोटावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून साक्षीदारांच्या पायांत आलं. मग रुबूने रिकामा डबा सिपोराच्या हातात दिला.

सिपोराने तो पोटाशी धरला. "मास्तर, रिकामा डबा एका पैशाचा तरी होतो ना?"

"होतो," मास्तर तेलातून घसरत घसरत म्हणाला.

"मग मला मिळाला."

आता सगळे हस्केलजीच्या तोंडाकडे बघायला लागले. मागच्या वेळची आरडाओरड सगळ्यांच्या लक्षात होती. मुलांनी कानांवर हात ठेवले. रुबू मात्र आपला चोळत होता, सावकाश, दोन्ही तळव्यांनी.

"डोळे मिटा, बाबा," तो म्हणाला.

हस्केलजीने डोळे मिटले. मग त्याने मान जराशी डावीकडे कलती केली.

"कानामागे राहिलं," तो म्हणाला.